व्हेप (ई-सिगारेट) घेऊन बँकॉकला? थांब जरा

परवा गंगापूर रोडला मिसळ खाताना भाचा म्हणाला, मामा बँकॉकला चाललोय, व्हेप टाकू ना बॅगेत, म्हटलं बाबा तिथे गांजाची दुकानं दिसतील पण व्हेप आत न्यायला 2014 पासून बंदी आहे, सापडलास तर दंड नाहीतर थेट जेल. (अजब देश!) सिंगापूरला तर 2018 पासून नुसतं खिशात असलं तरी गुन्हा. आणि मुळात आपल्याकडेच 2019 च्या कायद्याने विक्री, आयात, साठा सगळं बंद, पहिल्यांदाच सापडलं तरी विकणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. येताना ड्युटी फ्रीमधून घेतलं तरी ती आयातच झाली ना. भाच्याने गपचूप एक्स्ट्रा रस्सा मागवला.