१४६ म्हणजे ‘बॉर्डरलाइन’ नव्हे

गरोदरपणातल्या साखरेच्या रिपोर्टवर आकडा होता १४६. ठळक अक्षरात नव्हता, शेजारी चांदणीही नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं कागद पाकिटात सरकवता सरकवता सांगितलं, "बॉर्डरलाइन आहे ताई, गोड जरा कमी करा." मी तो कागद फाइलला लावला आणि चहातली साखर तेवढी बंद केली. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी होती. पंचविसाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत मी ‘बॉर्डरलाइन’ होते.

गरोदरपणाच्या मधुमेहात बॉर्डरलाइन नावाचा खणच नसतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४० किंवा त्याच्या वर भरली की निदान झालं. १३९ ला नाही, १४० ला आहे. मग माझं १४६ निसटलं कसं? कागदाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात जे छापलं होतं ते गरोदर नसलेल्या माणसासाठी होतं: १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ मध्ये साखर पचवायची क्षमता बिघडलेली, २०० पासून मधुमेह. आकडा ठळक छापायची मर्यादा कॉम्प्युटरमध्ये २०० ला लावलेली होती. फॉर्मवर मी ‘गरोदर, २५ आठवडे’ लिहिलं होतं, पण ते नाव-वयाच्या ओळीपुरतंच राहिलं. मर्यादा बदलायला कुणी गेलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट: रिपोर्ट हातात आला की शेजारची छापील रेंज बघू नका, आकडा बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मी कळवलं नाही, ती चूक माझी. बाकीच्या चुका तिथल्याच, आणि त्या सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण कोल्हापूरच्या राजारामपुरीत काय, गारगोटीत काय, त्या कुठंही होऊ शकतात.

ग्लुकोजपासून सुरुवात. पाण्यात ७५ ग्रॅम घालायचं असतं, पाणी साधारण ३०० मिली, आणि पाच-दहा मिनिटांत संपवायचं. माझ्यासमोर १०० ग्रॅमचा पुडा फोडून ‘पाऊण’ ओतला. वजनकाटा नाही, चमचा नाही, नुसता डोळ्यांचा अंदाज. ७५ ग्रॅमची मोजलेली पाकिटं मिळतात, तीच मागा. संत्र्या-लिंबाच्या स्वादाचा पुडा नको, त्यात साखर मिसळलेली असते. साधी पावडर घरातून मोजून नेणार असाल तर पुड्यावर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलंय का बघा. त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं, म्हणून ती ८२.५ ग्रॅम घेतली की ७५ ग्रॅम ग्लुकोज होतं. मळमळ होऊ नये म्हणून थोडं लिंबू पिळायला हरकत नसते, पण आधी विचारून. उलटी झाली तर वेळ बघा. अर्ध्या तासाच्या आत झाली तर ती तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर तपासणी चालू राहते.

मग दोन तास. हे दोन तास मोजायचे कधीपासून, यावरच सगळं असतं, आणि तेच कुणी लिहून ठेवत नाही. मी पहिला घोट घेतला ९ वाजून १० मिनिटांनी. रक्त ११:१० ला काढायला हवं होतं. काढलं ११:४५ ला, कारण रक्त काढणारा मुलगा कुणाच्या तरी घरी सॅम्पल आणायला गेला होता. "पाच-दहा मिनिटं इकडं तिकडं चालतंय की," असं उत्तर मिळालं. पाच मिनिटं चालतील. पस्तीस नाही. ग्लुकोज प्यायल्यावर साखर चढते आणि मग उतरत जाते. पस्तीस मिनिटं उशिरा मोजली तर ती उतारावर सापडते आणि आकडा खरा होता त्यापेक्षा कमी येतो. उशिरा येऊनही माझा १४६ आला, तर वेळेवर किती आला असता?

दरम्यान बसून कंटाळा आला म्हणून मी खाली उतरून दसरा चौकापर्यंत दोनदा चालून आले. कुणी अडवलं नाही. चालल्यानं स्नायू साखर ओढून घेतात, म्हणजे आकडा आणखी खाली. त्या दोन तासांत बसून राहायचं, पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, चहा तर नाहीच.

आता नळी. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी असते, तिच्यात फ्लुओराइड घातलेलं असतं. का, तर नळीत आल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात बसतात. साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. माझी नळी लाल टोपणाची होती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर दुसरीकडं राखाडी टोपण बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लाल टोपणाची नळी ट्रेमध्ये किती वेळ पडून होती कुणास ठाऊक. रिपोर्ट संध्याकाळी सातला मिळाला.

म्हणजे वेळ उशिरा, वर फेरफटका, वर चुकीची नळी. तिन्ही गोष्टी आकडा खाली ओढणाऱ्या. एवढं होऊनही १४६, आणि कागदावर चांदणी नाही. अजूनही तो कागद बघितला की डोकं फिरतं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तो फाइलमधून काढला, एकदा बघितला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितला आणि विचारलं, "हे तुम्ही मला दाखवलं का नाही?" वेळेचा घोळ सांगितल्यावर त्यांनी दुसरीकडून तपासणी करायला सांगितली, तीनदा रक्त काढायची. रात्री जेवून सकाळी रिकाम्या पोटी पहिलं, मग ग्लुकोज, मग एका तासानं आणि दोन तासांनी. या पद्धतीच्या मर्यादा वेगळ्या आहेत: ९२, १८०, १५३. तिन्हीतला एकही गाठला तरी मधुमेह. माझे आले ९८, १९१, १६४. तिन्ही बाहेर.

दोन पद्धतींच्या मर्यादा वेगळ्या, म्हणून बायका घाबरतात. घोळ घालू नका. १४० वाली पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांच्या कामातून आली आणि सरकारी दवाखान्यांत तीच चालते. तिला उपाशी यावं लागत नाही. जेवून आलेल्या बाईलाही करता येते. राधानगरी-शाहूवाडीकडून एसटीनं येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हटलं तर ती उद्या येईलच असं नाही, त्यासाठीच ही सोय. पहिल्या भेटीत एकदा, ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पहिल्यांदा ठीक आली म्हणून दुसरी टाळायची नाही. वारेतून (प्लासेंटातून) निघणारी हार्मोन्स इन्सुलिनचा जोर कमी करतात आणि ते खरं जाणवतं याच आठवड्यांत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथंही होते. साखर निघाली तर कार्डावर लाल खूण लागते. लाल बघून रडू नका, त्या खुणेमुळं पुढं लक्ष जास्त राहतं.

आणि हो, कुणी ‘एचबीएवनसी करून घ्या, तीन महिन्यांचं कळतं’ म्हणून पॅकेज गळ्यात मारत असेल तर या निदानासाठी ते पुरत नाही. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळं आकडा कमीच दिसतो. सुरुवातीच्या महिन्यांत आधीपासूनचा मधुमेह पकडायला त्याचा उपयोग, तो भाग वेगळा.

यानंतरचं सगळं त्या एका सकाळीपेक्षा सोपं गेलं. आधी दोन आठवडे नुसतं खाणं आणि चालणं. लक्ष्य तीन आकड्यांचं: रिकाम्या पोटी ९५ च्या आत, जेवणानंतर तासाभरानं १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. मी मोबाइलला गजर लावत होते.

खाण्यातली आपल्याकडची अडचण म्हणजे गूळ. ‘साखर नको, गूळ चालतोय की, आपलाच आहे’ असं निदान दहा जणींनी ऐकवलं. कोल्हापुरी गूळ कितीही नावाजलेला असू दे, रक्तात जाऊन तो साखरच होतो. काकवीही तीच, उसाचा रस तर विचारूच नका. भाकरी चालते, पण ‘ज्वारीची आहे’ म्हणून तीन नाही. एका वेळी एक मध्यम, सोबत वाटीभर डाळ किंवा उसळ, पालेभाजी आणि काकडी. भाताला वाटीचं माप. सकाळी शरीर साखरेला जास्त हट्टी असतं, म्हणून नाश्त्याला पिठूळ पदार्थ कमीत कमी. बशीभर पोह्यांनी माझा आकडा १५८ वर गेला होता. अर्ध्या बशीत मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घातल्यावर ११६. मिसळीतली मटकी चांगलीच आहे, घात करतात ते फरसाण आणि पावाचे स्लाइस. पांढरा रस्सा पिऊन भात सोडला तर घरात कुणी रागवत नाही. साबुदाणा मात्र नुसता स्टार्च, आणि उपास तर या काळात नकोच. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि लघवीत कीटोन येतात, ते बाळाला बरे नाहीत. तीन जेवणं आणि मध्ये तीन छोटी खाणी. झोपताना कपभर दूध, बिनसाखरेचं.

चालणं जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. रंकाळ्यावर गेलात तर उत्तम, पण भेळेच्या गाड्यांच्या विरुद्ध दिशेनं.

डब्यावर काय लिहिलंय ते बघायचं राहिलं. गरोदर बायकांना म्हणून दिलेल्या प्रोटीन पावडरीत साखर असू शकते. खोकल्याच्या सिरपातही.

घरच्या मशीनचं: हात साबणानं धुवून कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटानं तपासलं तर मशीन आंब्याची साखर मोजतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, दुखतं कमी. बोट पिळून रक्त काढू नका. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, दमट हवेत त्या बिघडतात आणि आपल्या पावसाळ्यात तर लवकरच. डबी उघडल्याची तारीख पेननं लिहा. मशीन आणि लॅब यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो, त्यावरून भांडण नको.

जेवणानंतरचे आकडे माझे आवरले. सकाळचा मात्र १०१-१०४ च्या खाली येईना. रात्रभर यकृत साखर सोडत राहतं, त्याला भाकरी कमी करून काही होत नाही. डॉक्टरांनी झोपताना इन्सुलिन सुरू केलं. काहींना मेटफॉर्मिनच्या गोळ्या देतात. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडं जात नाही, आईची जास्तीची साखर मात्र जाते. ती पचवायला बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवतं आणि बाळ फुगतं. सुईपेक्षा ते वाईट.

इन्सुलिनमध्ये एकच गोष्ट जिवावर बेतणारी. बाटल्या दोन ताकदीच्या असतात, एका मिलीत ४० युनिट आणि १०० युनिट. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. शंभरची बाटली आणि चाळीसची सिरिंज अशी जोडी जमली तर डोस अडीच पट जातो. मेडिकलमधून दोन्ही एकदम घ्या आणि काउंटरवरच आकडा जुळवून बघा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. हातपाय थरथरले, घाम फुटला की साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. इथं पोळी किंवा बिस्कीट कामाचं नाही, फार सावकाश चढतं.

लवकर प्रसूतीची भीती असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही दिवस साखर उसळते. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर आपण काय खाल्लं ते आठवत बसतो.

बाळ झाल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं आणि त्याची साखर टाचेतून तपासायची. ४५ च्या खाली गेली तर डॉक्टर बघतात. मधाचं बोट चाटवायला कुणी पुढं आलं तर हात धरा.

सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम, पुन्हा दोन तास. बाळंतिणीला वेळ नसतो, म्हणून बऱ्याच जणी ही टाळतात. टाळू नका, आणि पुढंही दरवर्षी एकदा करत राहा. या वेळी १४० आणि २०० च्या मर्यादा लागू होतात, म्हणजे त्या पहिल्या कागदाच्या तळाशी छापलेल्याच. मी दुसऱ्या लॅबला गेले. ७५ ग्रॅमचं पाकीट पर्समध्ये, प्यायला लागल्याची वेळ फॉर्मवर माझ्या हातानं लिहिलेली. बाळ आईकडं देऊन दोन तास जागची हलले नाही. राखाडी टोपण बघूनच हात पुढं केला. ११८.