सुडो लावलं तरी परमिशन डिनाइड! लिनक्सवर सीपीयूचे कोर बंद करण्याचा माझा अनुभव

मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, सीएनसी मशीनवरून जॉबचे आकडे घेऊन स्क्रीनवर दाखवायचे वगैरे. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते मधेच अडकायचं आणि माझ्याकडे कधीच नाही. त्यांचा पीसी दोन कोरचा, माझा चार कोर आठ थ्रेडचा, म्हणजे एकेक कोर दोन-दोन थ्रेड चालवतो आणि लिनक्सला ते आठ सीपीयू दिसतात. दर वेळी नाशिकच्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून सिन्नर गाठण्यापेक्षा आपल्याच मशीनचे कोर कमी करून बघू म्हटलं, लिनक्समध्ये चालू मशीनवर, रीबूट न करता ते करता येतं हे माहीत होतं.

पद्धत दिसायला एकदम सोपी आहे. /सिस/डिव्हाइसेस/सिस्टीम/सीपीयू/ या फोल्डरमध्ये सीपीयू0, सीपीयू1 असे फोल्डर असतात, बहुतेकांत ऑनलाइन नावाची फाइल, तिच्यात 0 लिहिलं की तो कोर बंद, 1 लिहिलं की चालू. फाइल रूटची, म्हणजे मशीनच्या मुख्य ॲडमिन यूजरची आहे, म्हणून कमांडच्या पुढे सुडो लावायचं, म्हणजे ती कमांड रूट म्हणून चालते. इको ही दिलेला मजकूर छापणारी कमांड आणि पुढचं चिन्ह तो मजकूर फाइलमध्ये वळवणारं. मी टाइप केलं, सुडो इको 0 > आणि पुढे फाइलचा पत्ता. एंटर दाबलं आणि उत्तर आलं, परमिशन डिनाइड.

या एका ओळीने माझं डोकं इतकं फिरवलं की अजून राग जात नाही. सुडो लावलंय, त्याच टर्मिनलवर सुडोने पॅकेज इन्स्टॉल होतात, मग इथेच नकार का? ज्याला विचारावं तो वेगळं सांगणार. एक जण म्हणाला सुडोअर्स फाइल तपास, सुडो कोणाला वापरता येतं ते तिच्यात असतं, दुसरा म्हणाला तुझ्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हॉटप्लगचा (चालू मशीनवर कोर बंद-चालू करण्याचा) सपोर्टच नसेल, नवीन कर्नल कंपाईल कर. अरे पण सीपीयू1 च्या फोल्डरमध्ये ऑनलाइन फाइल दिसतेय म्हणजे सपोर्ट आहेच ना! तिसऱ्याने चेमॉड करून, म्हणजे फाइलच्या परवानग्या बदलून, फाइल सगळ्यांना लिहायला उघडी करायला सांगितलं. त्याने काम होतं, नाही असं नाही, पण मग मशीनवरचा कुठलाही यूजर तुमचे कोर बंद करू शकतो, आणि रीबूट झालं की परत तेच.

खरं कारण कळलं तेव्हा हायसं वाटलं आणि संतापही आला, कारण ते त्या एररमध्येच लिहिलेलं होतं. ओळीची सुरुवात नीट बघा, तिथे सुडो नसतं, बॅश असतं, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारी शेल. म्हणजे नकार मिळालाय तो बॅशला. ते > चिन्ह सुडोसाठी नसतंच, ते तुमची शेल स्वतः वाचते आणि कमांड सुरू व्हायच्या आधीच ती फाइल उघडायला जाते, आणि शेल तर तुमच्या साध्या यूजरची. तिला फाइल उघडता येत नाही, त्यामुळे इकोपर्यंत गाडी जातच नाही. सुडो फक्त इकोला रूट करणार होतं, आणि इकोला रूटची काही गरजच नव्हती! सातपूरला सर्व्हरची कामं करणाऱ्या मित्राने फोनवर विचारलं, "ओळीत सगळ्यात आधी कोणाचं नाव आहे ते वाच बरं," आणि तिथेच उलगडा झाला. तेव्हापासून मी कुठल्याही एररमध्ये आधी बोलतंय कोण ते बघतो, तुम्हीही बघा.

मग करायचं असं की इको 0 लिहून पाइप (| हे चिन्ह, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं) द्यायचा आणि पुढे सुडो टी आणि फाइलचा पत्ता. टी म्हणजे आलेला मजकूर फाइलमध्ये आणि स्क्रीनवर दोन्हीकडे लिहिणारी कमांड. आता फाइल उघडणारा टी असतो आणि तो रूट असतो. स्क्रीनवर एक 0 उमटतो, ती एरर नाही. किंवा सरळ सीएचसीपीयू ही सीपीयू बंद-चालू करायचीच कमांड वापरा, बहुतेक लिनक्सवर आधीपासून असतं, सुडो सीएचसीपीयू -डी 2-7 म्हटलं की सहाही एकदम बंद, -ई 2-7 म्हटलं की परत चालू. हे मला कोणी पहिल्यांदाच सांगितलं असतं तर!

सीपीयू0 च्या मागे लागू नका. इंटेल-एएमडीच्या पीसीवर त्याला बहुधा ऑनलाइन फाइलच नसते. जुन्या माहितीत त्यासाठी बूटच्या वेळचा एक पर्याय सापडेल पण तो 2023 च्या 6.5 कर्नलमध्ये काढून टाकलाय.

हां, आणि काहीही बंद करण्याआधी हे बघून ठेवा, हे खरं तर वर यायला हवं. आठ आकडे दिसतात ते आठ कोर नसतात. प्रत्येक सीपीयूच्या टोपोलॉजी फोल्डरमध्ये थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट नावाची फाइल असते, तिच्यात त्याच कोरवरचा दुसरा थ्रेड, म्हणजे जोडीदार, कळतो. माझ्याकडे सीपीयू0 चा जोडीदार 4 निघाला म्हणून 0 आणि 1 ठेवले की दोन खरे कोर मिळाले. काही मशीनवर 0 आणि 1 हेच जोडीदार असतात, तिथे हे दोन ठेवलेत तर एकाच कोरवर चाचणी होईल आणि आकडे सगळे चुकतील. कोर बंद झाला की त्याचं टोपोलॉजी फोल्डरच गायब होतं, म्हणून आधी बघा. नुसते जोडीदार थ्रेड बंद करायचे असतील तर त्याच सीपीयू फोल्डरातल्या एसएमटी (एका कोरवर अनेक थ्रेड) फोल्डरमधल्या कंट्रोल फाइलमध्ये ऑफ लिहिलं की झालं.

झालं की नाही ते एलएससीपीयू या सीपीयूची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये ऑनलाइन-ऑफलाइनच्या ओळीत दिसतं. मला 0,1 दिसलं, प्रोग्रॅम चालवला, आणि सिन्नरला अडकायचा तिथेच अडकला! आकडे वाचणारे थ्रेड दोन्ही कोर व्यापून बसत होते आणि स्क्रीनच्या थ्रेडची पाळीच येत नव्हती. घरबसल्या सापडलं याचा मला खरंच अभिमान वाटतो. स्पीड मात्र यावरून मोजू नका, कोर दोनच उरले तरी ते नव्या मशीनचे, कॅशेही तीच, जुन्या पीसीपेक्षा पळणारच.

एकाच प्रोग्रॅमवर बंधन हवं असेल तर टास्कसेट ही प्रोग्रॅमला ठरावीक सीपीयूवरच चालवणारी कमांड पुरते, त्याला रूट लागत नाही. मला डेटाबेससकट सगळंच दोन कोरवर हवं होतं म्हणून हा मार्ग घेतला. रीबूट केलं की सगळे कोर परत चालू होतात, दर वेळी कमीच हवे असतील तर बूटच्या ओळीत मॅक्ससीपीयूज=2 टाका, फक्त तेव्हा कुठले दोन उठले ते एलएससीपीयूमध्ये बघून घ्या.