एक फळी, तीन पाणी

लंडनजवळच्या स्लाऊच्या कालव्यात फळीवरून पहिल्यांदा पडलो तेव्हा जिवाच्या आकांतानं हातपाय मारले. मग कळलं की पाय टेकतायत. टेकतायत म्हणजे काय, घोट्यापर्यंत काळ्या गाळात रुततायत. पाणी कमरेच्या जरासं वर. काठावरून कुत्रा फिरवणाऱ्या आजीबाई थांबल्या, 'लव्हली डे फॉर इट' म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मी सांगलीकडचा. पोहायला विहिरीत शिकलो. पाठीला रिकामा डबा, कमरेला बैलाचा कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक आप्पांच्या हातात. एवढ्या भांडवलावर चाळिशीत इंग्लंडमध्ये उभ्यानं वल्हवायची फळी, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्ड, विकत घेतली. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड, हवा भरायची. आत हजारो दोरे वरच्या-खालच्या थराला शिवलेले असतात, म्हणून फुगवल्यावर ती गादीसारखी न होता दारासारखी ताठ होते. मात्र त्यासाठी हवा १५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) भरावी लागते. पहिली दहा हसत-खेळत जातात. शेवटच्या पाचांत हातपंपावर अख्खं वजन टाकावं लागतं, आणि पाण्यात उतरण्याआधीच माणूस घामानं निथळतो. मी पहिल्या दिवशी बारावर कंटाळलो. फळी मधोमध वाकली, आणि पुढचं वर सांगितलंच.

स्लाऊचा फाटा शिकायला उत्तम. ग्रँड युनियन कालव्याची ही शाखा १८८२ मध्ये सुरू झाली, मुख्यतः इथल्या विटा लंडनला न्यायला. रेल्वे कधीच आलेली असताना काढलेला हा कालवा, त्यामुळे ब्रिटनमधल्या शेवटच्या कालव्यांत मोडतो. आठेक किलोमीटर लांब, जवळजवळ सरळ, मध्ये एकही लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दारं, नाही. प्रवाह नसल्यात जमा. परवाना मात्र लागतो. मी पॅडल यूके या वल्हवणाऱ्यांच्या संघटनेचं वार्षिक सदस्यत्व घेतलं, त्यातच तो येतो.

आधी गुडघ्यांवर बसायचं, मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना. चार हात वल्हवायचं. मग हँडलच्या अल्याडपल्याड एकेक पाऊल ठेवून उठायचं आणि नजर लांब ठेवायची. पायांकडे पाहिलं की पडलात. सायकलसारखंच आहे, थांबलं की तोल जातो. वल्ह्याचं पातं दांड्याला जरा तिरकं असतं, ते पुढच्या बाजूला झुकलेलं हवं. मी दोन रविवार उलटं धरून मारत होतो. खांद्यांनी सांगितलं, पण मला वाटलं वयानं.

समोरून नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट, आली की आपण उजवीकडे. त्यांची वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणून घाबरण्यासारखं काही नाही, पण बोट जवळून जाताना पाणी ओढून घेते. तेवढ्यापुरतं गुडघ्यांवर बसलेलं बरं. बुटक्या पुलाखालीही तेच. आणि घरी आल्यावर चहाच्या आधी साबण. कालव्याकाठी उंदीर असतात, आणि इथं ज्याला वाइल्स डिसीज म्हणतात ते आपल्या लेप्टोचंच कडक रूप. मुंबईत पाऊस काढलेल्याला वेगळं सांगायला नको.

कालव्यावर महिनाभर पडून झाल्यावर विंडसरला थेम्सवर गेलो. पाण्यातून राजवाडा दिसतो, हंस अंगावर येतात, सगळं छान. पण इथं पहिल्यांदा दोरीचा प्रश्न आला.

फळीला एक दोरी असते, लीश. तिचं दुसरं टोक आपल्या घोट्याला. पडलो तरी फळी हातची जात नाही, म्हणून मला ती फार आवडायची, कासऱ्याचीच जात. नदीकाठी फळी फुगवणाऱ्या एका बाईंनी माझ्या घोट्याकडे बोट दाखवलं आणि 'हे काढ' म्हणाल्या. वाहत्या पाण्यात झाडाची फांदी किंवा खांब मध्ये आला, एका बाजूनं फळी गेली आणि दुसऱ्या बाजूनं आपण, की पाण्याचा सगळा जोर त्या दोरीवर येतो. माणूस पाण्याखाली ओढला जातो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. नदीवर लीश कमरेच्या पट्ट्याला हवी, एक हिसका दिला की सुटणारी.

वेल्समध्ये हॅव्हरफर्डवेस्टला ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पावसानं फुगलेल्या नदीत बंधाऱ्यावरून जाताना पॅडलबोर्डवरच्या चौघांचा जीव गेला. आमच्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी सांडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. वरच्या अंगानं बघितलं तर नुसती एक गुळगुळीत रेघ दिसते. खाली पडलेलं पाणी मात्र उलटं फिरून परत भिंतीकडेच येतं आणि आत सापडलेल्याला सोडत नाही. थेम्सवर लॉकच्या जोडीला असा बंधारा असतोच. पाणी जोरात असलं की लॉकवर लाल पाट्या लागतात. पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे विचारत मोठे झालेल्या माणसाला त्या पाटीचा मान ठेवणं जड जात नाही. लाल दिसली की मी वडापाव खाऊन घरी. नाहीतर आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, दम संपला की नदी परत आणून सोडते.

समुद्राला मी डॉर्सेटमध्ये स्टडलंडला भिडलो. तिथला किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, आणि या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. काठाजवळचं पाणी त्या दिवशी आरशासारखं होतं. उजवीकडे ओल्ड हॅरीचे खडूचे पांढरे सुळके, लांबवर आयल ऑफ वाइट बेट. मी सुळक्यांकडे निघालो आणि काय सांगू, असा वेग! वाटलं, जमलं आपल्याला.

वळलो तेव्हा कळलं की जमलं होतं ते वाऱ्याला.

'खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा.' पाचवी-सहावीत घोकून गुण मिळवले होते. सांगलीत समुद्र कुठला, म्हणून तो फरक वहीतच राहिला. जमिनीकडून वाहणारा वारा काठाजवळ लाट उठू देत नाही, म्हणूनच पाणी आरशासारखं दिसतं. उभा माणूस त्याला शिडासारखा. दहा मिनिटं वल्हवून मी होतो त्याहून मागे गेलो होतो. फोन गाडीत. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यांवर अशा वाऱ्यात नारिंगी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, लावतात आणि तो दिसला की हवा भरलेली कुठलीही वस्तू पाण्यात न्यायची नसते, हे मी नंतर वाचलं.

शेवटी फळीवर पालथा पडलो, वल्हं छातीखाली दाबलं आणि हातांनी पाणी कापत निघालो. पालथं पडल्यावर वाऱ्याला धरायला काही उरत नाही. जाताना दहा मिनिटं लागलेलं अंतर परतताना तासाभराचं झालं. एकदा कलंडून पाण्यात गेलो, थंडीनं श्वास असा अडकला की ओरडताही येईना. पण इथं घोट्याची दोरी होती. फळी दहा फुटांवर जाऊन थांबली. ती सुटली असती तर वाऱ्यानं मिनिटभरात नेली असती आणि मी मागे राहिलो असतो. किनाऱ्यावर बायको कणसं भाजून बसली होती. 'किती लांब गेलास रे, मस्त दिसत होतास,' म्हणाली.

रात्री आप्पांना फोनवर सगळं सांगितलं. कालवा, नदी, समुद्र, दोऱ्यांचे प्रकार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ते समदं खरं. पर दुसरं टोक कुणाच्या हातात हुतं?"

"फळीला होतं, आप्पा."

पलीकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला.