उंदीर कोठून आणले, या प्रश्नाने घडवलेली कारकीर्द

आतड्यातील सूक्ष्मजीव आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या संशोधनात उतरू पाहणारे विद्यार्थी मला विचारतात, की आधी सूक्ष्मजीवशास्त्र शिकावे की प्रतिकारशास्त्र. तेव्हा मी या दोन्ही विषयांना जोडणारे संशोधक इवायलो इव्हानोव्ह यांचे उदाहरण देतो. न्यूयॉर्क विद्यापीठात डॅन लिटमन यांच्याकडे पीएचडीनंतरचे संशोधन करताना त्यांना आढळले, की एकाच वंशाचे उंदीर असूनही टॅकोनिक या पुरवठादाराकडून आलेल्यांच्या लहान आतड्यात टीएच१७ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा एक प्रकार) भरपूर असतात आणि जॅक्सन प्रयोगशाळा या दुसऱ्या पुरवठादाराकडून आलेल्यांत अगदी थोड्या. अनेकांनी ही प्रयोगातली कटकट समजून पुरवठादार बदलला असता. त्यांनी मात्र केन्या होंडा या संशोधकांसह शोध घेतला आणि २००९ मध्ये या फरकामागे आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारे तंतुमय जिवाणू असल्याचे दाखवले. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली.

एकेका जिवाणूचा परिणाम वेगळा तपासायचा, तर अशा कामाला जंतुविरहित उंदीर लागतात. त्यांची हवा, पाणी आणि खाद्यही निर्जंतुक ठेवावे लागते. (याचा खर्च ऐकून माझा उत्साह एकदा मावळला होता.) आपल्याकडे सुरुवात करायची, तर पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी आतड्यातील जिवाणू ऑक्सिजनविना वाढवण्याचे कसब आधी हाताशी आणावे, असे मी सुचवतो.