हरिकेनला गंज चढत नाही

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून विमानाच्या मॉडेलवर उडालेला रंग दाखवायचं मिठाचं काम आधी उरकून घेतलं. एकदा जून लागला की आमच्या रत्नागिरीत बरणीतल्या मिठालाच पाणी सुटतं आणि फवारलेलं वार्निश पांढुरकं होतं.

टेबलावर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं मॉडेल आहे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची अर्जन सिंग यांची एक नंबरची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) उडवत होती, ते. त्या आघाडीवरच्या विमानांवर ओळखीसाठी रंगवलेल्या गोलातला लाल ठिपका काढून टाकला होता, जपानी समजून आपल्याच माणसांनी गोळ्या घालू नयेत म्हणून.

आधी चंदेरी रंग, त्यावर वार्निश. मग ओला ब्रश फिरवायचा आणि कुटलेलं जाडं मीठ चिमटीने पेरायचं. सुकलं की वरून हिरवा-तपकिरी रंग एअरब्रशने. शेवटी जुन्या टूथब्रशने घासलं की खडे निघतात आणि खालची चंदेरी डोकावते. पण पेरायचं कुठे, खरं डोकं तिथे लागतं. पायलट डावीकडून चढायचा, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी जास्त. तोफांची आणि पेट्रोलची झाकणं रोज उघडायची, तिथे थोडं. १/७२ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर! त्यामुळे हात आखडता.

भाचा बघायला आला. "मामा, गंज कुठाय?" मिरकरवाड्याच्या बोटी बघत वाढलेलं पोर, त्याचंही बरोबर. म्हटलं, बाबा, पत्रा ॲल्युमिनियमचा, तो तांबूस गंजत नाही. आणि हरिकेनचं कॉकपिटमागचं अंग तर लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड. तिथे चंदेरी टवका दिसला की समजावं, करणाऱ्याने फोटोच बघितलेला नाही. कापडावर फक्त उडालेला रंग आणि मर्लिन इंजिनाच्या धुराड्यांची काजळी, तीही मागे जाता जाता विरत गेलेली.

हल्ली मॉडेलवर पत्र्यांच्या प्रत्येक सांध्यात काळं भरायची टूम आहे. मला ते विमान चौकटीच्या वहीसारखं वाटतं. मी ऑइल पेंटमधला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, तोही इंजिनाच्या झाकणांपुरताच सोडतो.

आता पोटाखालचे तेलाचे ओघळ राहिलेत. मॉडेल कपाटात ठेवल्यावर ते कुणालाच दिसणार नाहीत. तरी करणार.