तेरावं पान

आमच्या 32 पानी कॉमिकच्या 1000 प्रती छापून सात महिने झाले. त्यातल्या साडेतीनशे अजून घरात खोक्यांमध्ये आहेत. दिवसाला एखाददुसरी जाते, आणि पाकिटावर पत्ता लिहिताना दर वेळी मला 13वं पान आठवतं.

चित्रकार तरुण मुलगा, त्याचं हे पहिलंच पुस्तक. गोष्ट अशी की एका घरात मुलगी एकटी आहे आणि बाहेर रात्रभर पाऊस पडतोय. पाच पानं ती नुसती घरात फिरते, गळतीखाली भांडी ठेवते, भरली की रिकामी करते. त्याच्या मूळ आखणीत 11व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत तिचा हात दाराच्या कडीवर आहे. पान उलटलं की 12वर पानभर एकच चित्र. दार उघडलंय आणि बाहेर अंगण नाही, रस्ता नाही, झाड नाही. नजर जाईल तिथवर पाणी, आणि घर त्यावर तरंगतंय. शब्द एकही नाही. या एका पानाला त्याने तीन आठवडे घेतले. जवळजवळ सुकलेल्या ब्रशने ओढलेल्या रेघा आहेत, कागदाचा खडबडीतपणा त्यांतून दिसतो आणि तोच पाण्यावरचा उजेड होतो. असं पाणी मी दुसऱ्या कोणाच्या हातून उतरलेलं पाहिलेलं नाही.

डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात पहिलं पान उजव्या हाताला येतं. म्हणून विषम पानं कायम उजवीकडे, सम डावीकडे. वाचकापासून काही लपवायचं असेल तर ते सम पानावरच ठेवावं लागतं, कारण पान उलटेपर्यंत ते दिसत नाही. विषम पानावर ठेवलं तर समोरासमोर उघड्या दोन पानांत ते आधीच डोळ्यांत भरतं. दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत वाचक स्वतः गोष्ट पुरी करतो, असं स्कॉट मॅकक्लाउड यांनी 1993 साली मांडलं. पान उलटणं ही त्यातली सगळ्यात मोठी रिकामी जागा, असं मी नव्या चित्रकारांना सांगत आले आहे. या मुलालाही मीच सांगितलं होतं.

छपाईच्या आदल्या आठवड्यात मुद्रकाने सुचवलं, कव्हर आतून कोरं ठेवा. एका बाजूच्या चार प्लेटा, दर रंगाच्या शाईला एक, वाचतील, मशीनवरून एक फेरी वाचेल. मी लगेच हो म्हटलं. पण आतल्या कव्हरवर श्रेयनामावली आणि हक्कांची ओळ होती, ती पहिल्या पानावर घेतली. शेवटच्या पानावरची आमच्याच पुढच्या पुस्तकाची जाहिरात काढली, म्हणजे हिशोब पुन्हा 32ला बसला. डिझायनरने दहा मिनिटांत सगळी गोष्ट एका पानाने पुढे सरकवली आणि पीडीएफ पाठवली. ती मी फोनवर बघितली, एकेक पान वर सरकवत. दोन पानांवर पसरलेलं एखादं जोडचित्र असतं तर ते मधून फाटलं असतं आणि डिझायनर ओरडला असता. तसं चित्र या पुस्तकात नव्हतं. चित्रकाराला मी विचारलं नाही. त्याच्या एका रेघेलाही धक्का लागत नव्हता, मग विचारायचं काय, असं मला वाटलं.

छपाईच्या दिवशी मी सकाळी नऊपासून मशीनपाशी होते. 16 पानांचे दोन फर्मे, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापून, घड्या घालून एकात एक बसवायचे मोठे कागद. बाहेरचा दुपारपर्यंत उरकला. आतल्याच्या पहिल्या बाजूचा कागद आला आणि मी भिंग लावून बसले. कॉमिकमध्ये माझी नजर आधी अक्षरांवर जाते. संवादांच्या फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत. चार रंग मिळून काळी केली तर कागद केसभर सरकला तरी अक्षराला लालनिळी कड सुटते. रात्रीच्या आभाळासारख्या मोठ्या काळ्या भागाचं उलट आहे, तो नुसत्या काळ्या शाईत करडा पडतो, त्याच्याखाली निळा द्यावा लागतो. 20व्या पानावर एका फुग्यातली अक्षरं मला जाड वाटली. भिंगाखाली कड स्पष्ट दिसली. सगळ्या पुस्तकातला तेवढा एकच फुगा चार रंगांत गेला होता. मशीनमन म्हणाला, "मॅडम, हे कोण बघतंय?" मी मशीन थांबवायला लावलं. फाइल दुरुस्त झाली, नव्या प्लेटा आल्या, दोन तास गेले. छापखान्यात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती, पण मी समाधानात होते. 'कोण बघतंय' म्हणत सोडून दिलेल्या गोष्टींनीच आपल्याकडची कितीतरी पुस्तकं बिघडली आहेत, हे माझं मत आजही कायम आहे.

त्या कागदावर 20व्या पानाला चिकटून, त्याच ओळीत, 13वं पान होतं. फर्म्यावर पानं वाचायच्या क्रमाने नसतात. 12वं 13व्याच्या डोक्याला डोकं लावून उलटं छापलेलं असतं. तरंगतं घर मी मन भरून पाहिलं, काळा रंग खोल आलाय याचा आनंद झाला, आणि पुढे गेले.

संध्याकाळी दुसरी बाजूही छापून झाली. वेस्टेजमधला एक कागद घेऊन मी सवयीने हाताने तीन घड्या घातल्या, कडा फाडल्या आणि वाचायला घेतलं. 12 आणि 13 उघडलं. डाव्या पानावर मुलगी अजून भांडी रिकामी करत होती, आणि उजवीकडे दार उघडून पाणी दिसत होतं. कडीवरचा हात मला त्या पाण्यानंतर दिसला.

मी बराच वेळ बाइंडिंगच्या टेबलापाशी बसून होते. मध्ये एक पान घालता येईल का, याचा विचार केला. पण पान घालायचं म्हणजे कागदाला दोन बाजू येणार, दोन पानं वाढणार आणि सम-विषम पुन्हा होतं तिथेच. दोन्ही फर्मे नव्याने छापणं एवढाच उपाय होता: 16 प्लेटा आणि सगळा कागद. कव्हरवर वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट.

त्याला फोन केला. जे झालं ते सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, कडीच्या चौकटीत मी मुद्दाम तिचा चेहरा दाखवला नव्हता." एवढंच. परत छापायचं का, असं मी विचारलं. "तुम्ही ठरवा," म्हणाला. पहिल्या पुस्तकाचा चित्रकार प्रकाशकाला दुसरं काय म्हणणार? त्याला तो प्रश्न विचारायलाच नको होता. मी ठरवलं, सेंटर पिन मारून पुस्तक बाहेर काढलं.

वाचकांची पत्रं चांगली आली. घराच्या चित्राबद्दल बहुतेकांनी लिहिलं, त्याआधी काही निसटलं असं कोणीही लिहिलं नाही. निसटलेलं त्यांना कळणार तरी कसं? एका जुन्या प्रकाशकमित्राचं म्हणणं, कोणाच्याच लक्षात आलं नाही म्हणजे चूक झालीच नाही. मला ते पटत नाही. एका अक्षराच्या कडेसाठी मी दोन तास मशीन थांबवलं होतं. ती कड तरी कोणाच्या लक्षात आली असती?

दुरुस्त फाइल त्याच रात्री तयार करून ठेवली आहे. पहिली आवृत्ती संपली की ती जाईल. खोकी रद्दीत घालून आजच छापावं असं अधूनमधून मनात येतं. मग मी हिशोबाची वही उघडते आणि बंद करते.

गेल्या आठवड्यात त्याच्या दुसऱ्या पुस्तकाचा कच्चा आराखडा आला. 48 पानं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय: डावं, उजवं, डावं, उजवं.