छाट कलम सुकते तेव्हा आधी बुंधा पाहावा

जास्वंदीची छाटलेली फांदी मातीत लावल्यावर आठवडा-दीड आठवड्यात तिच्या डोळ्यांतून कोवळी पाने बाहेर आली, की ती लागली असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात ही पाने फांदीत आधीच साठलेल्या अन्नावर फुटलेली असतात आणि तोपर्यंत खाली बहुधा एकही मूळ नसते. गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या गॅलरीत मी पहिल्यांदाच छाट कलमे केली, तेव्हा गावठी लाल जास्वंदीच्या फांद्यांना असाच छान फुटवा आला आणि नंतर एकेका फांदीने मान टाकायला सुरुवात केली. त्यातली बरीचशी कलमे पुढे वाचली. ती कशामुळे वाचली ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वेळी मिळणारा ‘पाणी कमी पडत असेल, अजून घाल’ हा सल्ला निम्म्या वेळा तरी कलमाचा जीव घेतो.

पाने सुकलेली पाहून कारण ओळखता येत नाही, ही गोष्ट मला दोन फांद्या शेजारी-शेजारी उपसून पाहिल्यावर उमगली. वरून दोन्हींची पाने सारखीच लोंबकळत होती. मात्र एकीचा मातीतला भाग काळपट, मऊ झाला होता, बोटाने दाबताच तिची साल सुटून येत होती आणि तिला कुबट वास येत होता. दुसरीचा बुंधा हिरवा आणि टणक होता, पण तिचा शेंडा सुकून सुरकुतला होता. पहिली कुजत होती आणि दुसरी वाळत होती. कुजलेल्या फांदीच्या आतल्या वाहिन्या निकामी होतात, त्यामुळे भोवती भरपूर पाणी असूनही ते वर चढत नाही. वाळणाऱ्या फांदीला मुळेच नसल्यामुळे पानांतून उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई होत नाही. वरचे लक्षण एक असले तरी उपाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत. तेव्हापासून काळेपणा खालून वर चढतो आहे की वाळणे वरून खाली उतरते आहे, हे मी सर्वांत आधी पाहते.

कुजणाऱ्या फांद्यांचे मूळ कारण माती हे होते. कुंडीतली जुनी माती आणि शेणखत हे मोठ्या झाडाला मानवते, पण छाट कलमाच्या उघड्या जखमेला ते सोसत नाही. खतात आणि जुन्या मातीत बुरशी असते, आणि पावसाळ्यात अशी माती दिवसेंदिवस ओली राहिल्याने बुंध्यापाशी हवा खेळत नाही. मी धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, समप्रमाणात घेतले. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून तेही आधी दोन-तीन पाण्यांतून पिळून काढले. खत अजिबात मिसळले नाही, कारण मुळेच नसलेल्या फांदीला खताचा काही उपयोग नसतो. कुजलेल्या फांद्या स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने थोड्या-थोड्या वर कापत गेले. कापलेल्या भागात तपकिरी डाग दिसत असेल तर कूज अजून आत आहे असे समजायचे, आणि काप स्वच्छ, फिकट हिरवट दिसेपर्यंत थांबायचे नाही. इतके कापल्यावर ज्या फांदीला तीन डोळेसुद्धा उरले नाहीत ती टाकून दिली. तेवढ्या तुकड्यात मुळे फुटेपर्यंत पुरेल इतका अन्नसाठा राहील याचा भरवसा वाटला नाही.

पाणी किती घालावे यासाठी मी मुठीची परीक्षा वापरते. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि जेमतेम थेंब-दोन थेंब पाणी निघावे. धार लागली तर ते जास्त ओले आहे.

वाळणाऱ्या फांद्यांच्या बाबतीत खरा प्रश्न पावसाळी वाऱ्याचा होता. पुण्यात जून-जुलैत हवेत दमटपणा असला तरी उंचावरच्या गॅलरीत वारा सतत वाहतो आणि पानांतले पाणी ओढून घेतो. फांद्या आडोशाला, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी हलवल्या. खालची पाने काढून टाकली, वरची दोन-तीन ठेवून तीही अर्धी कापली, कळ्या खुडल्या आणि कुंडीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी काड्यांच्या आधाराने अशी घातली की ती पानांना टेकणार नाही. पिशवी रोज थोडा वेळ उघडावी लागते. तसे केले नाही तर आत पानांवर पांढरी बुरशी धरते, आणि वाळण्यावरचा उपाय कुजण्याचे कारण होतो.

फांदीची निवडही तितकीच महत्त्वाची ठरली. शेंड्याकडच्या कोवळ्या, लवचीक फांद्या सर्वांत आधी कुजल्या, तर खोडाजवळच्या जून, करड्या फांद्या हिरव्या राहूनही हलल्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, साल हिरवटकडून तपकिरीकडे झुकू लागलेल्या अर्धपक्व फांद्यांनी सर्वांत चांगली साथ दिली. साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेऊन खालचा काप डोळ्याच्या किंचित खाली तिरका घेतला, कारण मुळे डोळ्याजवळून सहज फुटतात. मुळांसाठीचे संजीवक, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिडची पावडर, बुंध्याला अगदी पातळ लावून जास्तीची झटकून टाकली आणि ती पुसली जाऊ नये म्हणून काडीने आधी भोक पाडून मगच फांदी आत सरकवली. माझ्या मते संजीवक हे चांगल्या फांदीला मदत करते. खराब फांदी किंवा चिकट माती यांवर तो उतारा नव्हे.

मोगऱ्याने मात्र वेगळाच पेच टाकला. त्याची कलमे कुजतही नव्हती आणि वाढतही नव्हती. खोचलेल्या टोकाला पांढरट, खडबडीत गाठ आली होती, ती बुरशी असावी असे प्रथम वाटले. पण ती टणक होती आणि तिला वास नव्हता. जखम भरून येताना तयार होणारे ते ऊतक आहे आणि मुळे त्यानंतरही बऱ्याच काळाने येऊ शकतात, हे कळल्यावर ती कलमे मी पुन्हा जशीच्या तशी लावली आणि उपसून पाहणे बंद केले, कारण नवी मुळे इतकी ठिसूळ असतात की एका ओढीत तुटतात.

जास्वंदीच्या नव्या फुटव्यावर मध्येच पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड, आला. तो स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपून काढला आणि ती कुंडी इतरांपासून दूर ठेवली. एवढ्याने तो आटोक्यात आला.

महिना-सव्वा महिन्याने फांदी हलक्या हाताने हलवल्यावर ती मिश्रणाला धरून असल्याचे जाणवू लागले आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून पांढरी मुळे दिसली. पिशवी एकदम न काढता आठवडाभरात हळूहळू जास्त वेळ उघडी ठेवली, आणि मग प्रत्येक रोप लहान कुंडीत हलवले. मोठ्या कुंडीत मुळांच्या मानाने माती फार असते, ती लवकर वाळत नाही आणि कुजण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. नव्या मातीत गांडूळखत अगदी थोडे घातले, आणि पहिल्या कळ्या दिसल्या तेव्हा त्या खुडल्या, कारण त्या वेळी रोपाने आपली ताकद फुलापेक्षा मुळांवर खर्च करणे मला जास्त महत्त्वाचे वाटत होते.